सुगम मराठी संकेतस्थळे
दृष्टिहीनांसह सर्व अपंग व्यक्तींना वापरता यावीत म्हणून सर्वमान्य मानकांनुसार रचलेली मराठी संकेतस्थळे. त्यांचा इतिहास मुख्यत्वे देवनागरी अक्षरांच्या संकेतनाशी निगडित आहे.

भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापराचे कानपूर येथे सुरू झालेले कार्य १९८८ पासून पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत पुढे चालू राहिले. ‘इस्की’ संकेतनास १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. युनिकोडमधील देवनागरी विभागही ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. तथापि आरंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले फाँट वापरीत. डोळ्यांना मजकूर मराठी दिसे. तो वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस मात्र निरर्थक रोमन अक्षरेच मिळत. परिणामी दृष्टिहीन वाचक त्या मजकुरापासून वंचित राहिला. युनिकोडच्या प्रसाराने हा अडथळा बव्हंशी दूर झाला. परंतु पर्यायी मजकुराविना, केवळ छायाचित्ररूपात ठेवलेले कागदपत्र त्यास आजही अगम्यच राहतात.

सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ व २००८ मध्ये, तर भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठीची २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्राचे शब्दांत वर्णन, शीर्षकांची क्रमवार रचना, केवळ कळफलकाने वापरण्याची सोय व मजकुराच्या भाषेची नोंद ही त्यांची प्रमुख अंगे होत. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने ही नोंद नसल्यास मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचला जाण्याचा संभव असतो. अंकीय सुविधांची सुगमता हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले.