अंधारांतील साक्षीदार

इतिहासाचा अभ्यासक पुराव्यावांचून बोलत नाहीं. आणि पुरावा म्हटला म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व दफ्तरें हींच आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्याचा सारा व्यवहार रात्रींच्या अंधारांत चालतो, त्या वाघाचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा? सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस, कोयना आणि चांदोली येथील रानांविषयीं हा प्रश्न नुसता तर्काचा राहिलेला नाहीं.

या मुलखांत वाघ फार पूर्वींपासून होता, याची साक्ष सह्याद्रींतील वाघजाईचीं ठाणीं देतात. दुसरा पुरावा म्हणजे शिकाऱ्याच्या दिवाणखान्यांतील कातडें. पण या पुराव्यांत एक मोठें वैगुण्य आहे. ज्याचें अस्तित्व सिद्ध करावयाचें, तोच त्या पुराव्यापायीं नाहींसा होतो!

पुरावा मिळावा आणि साक्षीदारही जिवंत राहावा, ही युक्ति रात्रींच्या छायाचित्रणानें साधली. अमेरिकेंत जॉर्ज शायरस हा वकील रात्रीं होडींतून पाणवठ्यावर जाई आणि भडका घेणाऱ्या चूर्णाच्या क्षणिक प्रकाशांत हरणांचें चित्र टिपी. त्याचीं ७४ छायाचित्रें ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें जुलै १९०६ च्या अंकांत छापलीं. आपल्याकडे संयुक्त प्रांताच्या वनखात्यांतील एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यानें वाघाच्या वाटेवर आडवी तार लावली. तिला पाय लागतांच लखलखाट व्हावा आणि वाघानें आपलें चित्र आपणच काढून द्यावें, अशी ती योजना होती. त्याचा ग्रंथ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कर्नाटकांतील नागरहोळेच्या रानांत उल्लास कारंत यांनीं अशा चित्रांवरून वाघांची गणना करण्याची पद्धति बसविली. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून जुन्या कागदावरील हस्ताक्षर ताडून पाहावें, त्याप्रमाणें पट्टे ताडून वाघ ओळखतां येतो. आतां तारेचीही गरज उरली नाहीं. झाडाला बांधलेला कॅमेरा समोरून जाणाऱ्या देहाच्या उष्णतेनेंच जागा होतो.

कोयना व चांदोली हीं अभयारण्यें १९८५ सालीं जाहीर झालीं. चांदोलीला २००४ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० मध्यें दोन्हीं मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. प्रकल्प झाला, पण वाघ कोठें आहे, असें लोक विचारूं लागले. पाउलांचे ठसे आणि विष्ठा एवढ्यावर त्यांचें समाधान होईना. अखेर मे २०१८ मध्यें कॅमेऱ्यांत वाघ उमटला. डिसेंबर २०२३ मध्यें पुन्हां एक नर वाघ दिसला. पट्टे ताडून पाहतां तो पूर्वीं कोल्हापूरकडील राधानगरीच्या रानांत टिपलेलाच वाघ निघाला. म्हणजे दक्षिणेकडून या रानांत येण्याची वाट अद्यापि मोडलेली नाहीं, हें एका चित्रानें सिद्ध केलें. साधन नाहीं म्हणून घटना नाहीं, असा निवाडा घाईनें देणाऱ्यास हा चांगला धडा आहे.

तथापि याच धड्याची दुसरीही बाजू आहे. ज्या वाटेवरून आज वाघ निर्भयपणें जातो, तिच्या आसपास कालपर्यंत माणसें नांदत होतीं. कोयनेचें धरण झालें, तेव्हां कित्येक गांवें शिवसागराच्या पाण्याखालीं गेलीं. पुढें वन्य प्राण्यांकरितां आणखी गांवें उठलीं. आपलीं शेतें आणि ग्रामदैवतें मागें ठेवून तीं कुटुंबें दूरच्या वसाहतींत गेलीं. त्यांचें चित्र या कॅमेऱ्यांत कधींही येणार नाहीं. उष्ण देह समोरून जाईल तेव्हांच तो जागा होतो. थंड पडलेल्या चुली त्याला दिसत नाहींत.

म्हणून रात्रींच्या या चित्राचें मोल मान्य करूनही तेवढ्यावर थांबणें बरें नव्हे. उठून गेलेल्या त्या गांवांतील वृद्ध मंडळी अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी वेळींच लिहून घेतल्या, तरच सह्याद्रीच्या या रानाचा इतिहास पुरा होईल. वाघाची साक्ष आपण मोठ्या खटपटीनें मिळविली. माणसाची साक्ष तर नुसती विचारावयाचीच बाकी आहे.