जोगेश्वरीची जुनी फियाट

आमच्या गावात, म्हणजे माण तालुक्यात, पहिली खाजगी मोटार आली ती जोगेश्वरीहून, आणि ती काही नवी नव्हती. नवी मोटार त्या काळी पैसे असूनही मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. रस्त्यावर मुख्य गाड्या दोनच, कलकत्त्याकडची अँबॅसिडर आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. त्यामुळं जुन्या गाडीला तेव्हा जो मान होता, तो आजच्या पोरांना सांगून पटायचा नाही.

कुर्ल्याचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. ही कंपनी १९४४ सालची. १९५४ पासून तिथं फियाट ११०० निघू लागली. तिच्या गोल अंगामुळं मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवलं. पुढं डिलाइट आली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, थोडं अंग बदललं, पण आतलं यंत्र जवळजवळ तेच राहिलं. हीच गोष्ट मिस्त्री लोकांच्या पथ्यावर पडली. एकदा हात बसला की तीस वर्षं तोच हात चालायचा.

मी दहावी होऊन १९७९ ला जोगेश्वरीला चुलत्यांकडं आलो. त्यांना सगळे तात्या म्हणत. एस. व्ही. रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याचं शेड, समोर चार-पाच उघडलेल्या गाड्या. एक मिस्त्री, एक डेंटर, एक पेंटर आणि पाने उचलून द्यायला मी. फियाटचे पाने मिलिमीटरचे, अँबॅसिडरचे इंचाचे, एवढं पहिल्या दिवशी शिकलो. सुटा भाग लागला की कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडं पळायचं. मोडलेल्या गाडीचा दरवाजा, डायनामो, गिअरबॉक्स, काय पाहिजे ते तिथं मिळे. म्हणजे एक गाडी मेली की तिच्यावर चार जगायच्या. आम्हा शेतकऱ्याला हे काही नवं नव्हतं. जुन्या नांगराचा फाळ दुसऱ्याला बसवायची सवय होतीच.

गिऱ्हाईक आलं की तात्या आधी इंजिनाला हातच लावत नसत. खिशातला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचे. जिथं चिकटत नाही तिथं आत पुट्टी, म्हणजे ठोकर खाल्लेली. मग ऑइलचं झाकण काढून आत बघायचे. ताकासारखं पांढरट दिसलं तर ऑइलात पाणी गेलंय, हेड गॅस्केट बघा. धूर निळा असला तर रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल. चालू केल्यावर डोळे मिटून ऐकायचे. दलालाची तोंडपट्टी चाललेली असायची, तात्या त्याला म्हणायचे, "तू जरा गप ऱ्हा, गाडीला बोलू दे."

कागदांचं त्याहून नाजूक. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी तीन-तीन हात फिरायची आणि आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं. मधे कुठं अपघात झाला की कोर्टाचा कागद त्याच्या दारात. तात्या म्हणायचे, अंधेरीच्या आरटीओत नाव चढल्याबिगर चावी द्यायची न्हाई. यापायी त्यांचे कैक सौदे मोडले.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या माणात दोन वर्षांत एवढा पडत नाही. हजारो गाड्या पाण्यात बसल्या, आणि दिवाळीच्या आसपास त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, स्वस्तात बाजारात उभ्या राहिल्या. तोवर मी गावी शेती बघत होतो. भावकीतल्या एका पोराला वडापला सुमो पाहिजे होती. बायकोचे दागिने आणि एक बैलजोडी विकून पैसे कमरेला बांधले होते त्यानं. मी त्याला घेऊन जोगेश्वरीला गेलो. एका दलालानं दाखवलेली गाडी अशी चकचकीत की पोरगं टोकन द्यायलाच निघालं. तात्यांनी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ! मग कार्पेट उचललं, सीटखालच्या स्प्रिंगा गंजलेल्या. "हिचं वायरिंग सहा महिन्यात जळंल," एवढंच बोलले. पोरगं एस्टीनं पैसे तसेच घेऊन परत आलं. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी घेतली, ती नऊ वर्षं म्हसवड-दहिवडी चालली.

मात्र तात्यांच्या धंद्याला घसरण लागली होती ती १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यापासूनच. मारुती बिघडायचीच कमी. पुढच्या गाड्यांत तर संगणक बसला, लोहचुंबक आणि कान तिथं काय करणार? पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. टॅक्सीला सरकारनं २००८ साली पंचवीस आणि २०१३ साली वीस वर्षांची मर्यादा घातली. धुराचा त्रास खरा होता, मी नाही म्हणत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली, तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ अखेर भरली. ती बातमी पेपरात आली तेव्हा तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेडच्या जागी आता इमारत आहे. त्यांच्या पान्यांची पेटी माझ्याकडं आहे. इंचाचे पाने कुणाला लागत नाहीत, मिलिमीटरचे विहिरीवरच्या पंपाला अजून चालतात.