औषधविक्रेते आणि अफूवर्गीय औषधांचा अतिडोस

कोडीन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन यांसारख्या अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिडोसाने श्वास मंदावून होणारे मृत्यू टाळण्यासाठी औषध दुकानातील फार्मासिस्टला द्यावयाचे प्रशिक्षण. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे नशेसाठी जमवलेले साठे ठाणे जिल्ह्यात वेळोवेळी जप्त झाले आहेत. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या दाट वस्तीच्या पट्ट्यात विषय निकडीचा ठरतो. डॉक्टरआधी ‘मेडिकल’वाल्याला विचारणारे येथे पुष्कळ आहेत.

कोडीन व ट्रॅमाडॉल औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीत मोडतात. २०१४पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार डॉक्टर, रुग्ण व मात्रा यांची नोंद ठेवून नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडॉल २०१८मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले. मात्र नोंदवही भरणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. डोळ्याची टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, निळसर ओठ, हाकेला ओ न देणे ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबतचा धोका गिऱ्हाइकाला न हिणवता सांगता आला पाहिजे.

नॅलोक्सोन हा उतारा श्वास परत आणतो, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो. म्हणून रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन व रुग्णालय अटळ. उल्हासनगरात शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. अमेरिकेत नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३पासून चिठ्ठीविना मिळू शकतो. भारतात नॅलोक्सोन चिठ्ठीवरच मिळते, ही मोठी अडचण आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.