युगुल-स्केटिंगच्या आरंभीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा : एका उपाधीविषयी टिपण

क्रीडाविषयक कोष्टकांत १९०८ सालापुढे ‘युगुल-स्केटिंग, जागतिक अजिंक्यपद’ असे छापलेले आढळते. ही नोंद चुकीची नाही. मात्र ती त्या काळच्या भाषेतील नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघ १८९२ मध्ये स्थापन झाला आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पुरुषांचे पहिले जागतिक अजिंक्यपद लढविले गेले. स्त्रियांच्या (१९०६ पासून) आणि युगुलांच्या (१९०८ पासून) स्पर्धांना मात्र केवळ ‘संघाचे अजिंक्यपद’ म्हणत. त्यांना ‘जागतिक’ हे विशेषण १९२४ मध्ये, पूर्वलक्षी रीतीने, बहाल करण्यात आले. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गोष्ट दृष्टीआड करू नये. नाव मागाहून दिले की त्याबरोबर एक अर्थही मागे सरकतो, आणि तो अर्थ मूळ घटनेत होता असे आपण नकळत मानू लागतो.

‘युगुल’ ही कल्पनाही तेव्हा आजच्याइतकी निश्चित नव्हती. एकोणिसाव्या शतकात बर्फावर दोघांनी हातात हात घालून घसरत जाण्याची रीत लोकप्रिय होती. ते दोघे स्त्री-पुरुषच असत असे मात्र नाही. आपल्याकडे कुस्तीत ‘जोड’ म्हणजे परस्परांचे प्रतिस्पर्धी. येथे जोडीतील दोघे एकाच बाजूचे, आणि परीक्षण व्हायचे ते त्यांच्यातील मेळाचे. स्त्रीच्या स्पर्धेतील सहभागाविषयीच जेथे शंका होती, तेथे अशा जोडीला उशिरा मान्यता मिळाली यात नवल नाही. १९०२ मध्ये लंडनला मॅज सायर्स यांनी पुरुषांच्या अजिंक्यपदात भाग घेऊन उलरिख साल्खोव यांच्याखालोखाल दुसरा क्रमांक मिळविला. नियमांत तसा निषेध नव्हता. पुढल्या वर्षीच्या अधिवेशनात तो घालण्यात आला!

पहिली युगुल-स्पर्धा फेब्रुवारी १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाली. जर्मनीचे आना ह्यूब्लर व हाइनरिख बुर्गर पहिले, इंग्लंडचे जॉन्सन दांपत्य दुसरे, आणि रशियाचे पोपोव्हा व फिशर तिसरे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत कृत्रिम बर्फावर युगुलांची स्पर्धा झाली. तीत तीनच जोड्या उतरल्या. म्हणजे तिघांनाही पदक ठरलेले. प्रश्न केवळ क्रमाचा होता. ह्यूब्लर-बुर्गर पुन्हा पहिले, जॉन्सन दांपत्य दुसरे, आणि तिसऱ्या स्थानी मॅज सायर्स आपल्या पतीसह. स्त्रियांच्या एकेरीचे सुवर्णपदकही मॅज यांनी त्याच सामन्यांत जिंकले होते.

या सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण १९११ चे, व्हिएन्नाचे आहे. तेथे एकच जोडी स्पर्धेत होती : जर्मनीच्या लुडोविका आयलर्स आणि फिनलंडचे वाल्टर याकोबसन. आदल्या वर्षी बर्लिनला हीच जोडी ह्यूब्लर-बुर्गर यांच्या मागे राहिली होती. व्हिएन्नात मागे राहण्यास कोणी नव्हते. पुढे याच स्पर्धेला जागतिक अजिंक्यपद म्हटले गेले. शिवाय विजेत्यांच्या नावांपुढे दोन देश लिहावे लागतात, आणि त्यांपैकी फिनलंड त्या वेळी रशियन साम्राज्यातील एक परगणा होता, स्वतंत्र राज्य नव्हे. राष्ट्राच्या नावाने क्रीडेचा हिशेब मांडण्याची आपली सवय येथे साफ अडखळते. १९११ मध्येच दोघांचा विवाह झाला आणि त्यानंतर ते फिनलंडच्या नावावर खेळले. एका विवाहाने कोष्टकातील अडचण दूर केली, असे थोड्या थट्टेने म्हणता येईल.

तथापि केवळ प्रतिस्पर्ध्यांच्या अभावावर त्यांची कीर्ती उभी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१४ मध्ये सेंट मॉरिट्झ येथे त्यांनी ऑस्ट्रियाच्या हेलेन एंगेलमान व कार्ल मेय्‌स्ट्रिक या आदल्या वर्षीच्या विजेत्यांना मागे टाकले. महायुद्धाने स्पर्धा खंडित झाल्या, त्या १९२२ पर्यंत भरल्या नाहीत. मध्यंतरी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये याकोबसन दांपत्याने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा पतीचे वय ३८ व पत्नीचे ३५ होते. तिसऱ्या क्रमांकावर फिलिस जॉन्सन होत्या. या वेळी त्यांच्या जोडीला बेसिल विल्यम्स होते. १९२४ मध्ये शामोनी येथे याकोबसन दुसरे आले. त्याच वर्षी संघाच्या निर्णयाने व्हिएन्नाचा तो एकाकी विजयही ‘जागतिक’ ठरला.