टर्बोच्या ऑइलचा परतीचा पाइप चेंबरला कोठे जोडावा?

संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे गाव. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. सोयाबीन, हळद, कापूस ही या भागातील प्रमुख पिके. सोयाबीन निघाल्यापासून रब्बीच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर निळा धूर ओकू लागला, तर धुराइतकीच चिंता खर्चाची असते. इंजिनाला टर्बोचार्जर असेल तर ‘टर्बो गेला’ असे निदान तत्काळ होते, नवा टर्बो बसतो आणि काही दिवसांत धूर पुन्हा सुरू होतो. अशा वेळी टर्बोतून इंजिनाच्या तळाकडे, म्हणजे ज्याला मेकॅनिक मंडळी ‘चेंबर’ म्हणतात त्याकडे, ऑइल परत नेणारा अंगठ्याएवढ्या जाडीचा पाइप आधी पाहावयास हवा. तो कोठे आणि कसा जोडला आहे, यावर टर्बोचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबायची, ही टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी मांडली व 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. लहान इंजिनांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. नेहमीच्या रचनेत तो बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. हे ऑइल इंजिनाच्या पंपाकडून दाबाखाली, बारीक नळीतून येते. बेअरिंगमधून निघताना मात्र त्याचा दाब संपलेला असतो, ते तापलेले असते आणि हवा मिसळल्याने फेसाळलेले असते. पुढचा प्रवास केवळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. म्हणूनच येणारी नळी बारीक आणि जाणारी जाड, हा फरक दिसतो. परतीच्या पाइपाचा आतील व्यास लहान टर्बोलाही साधारणतः 12 ते 19 मिलिमीटर ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टर्बोच्या दांड्यावरचे ‘सील’ हे पाण्याच्या मोटारीतील रबरी सीलसारखे नसते. ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असते. बाहेरील वायूचा दाब आतल्यापेक्षा अधिक आणि ऑइल झपाट्याने खाली जाणारे, या दोन अटींवरच ती ऑइल अडवते. परतीची वाट तुंबली की ऑइल बेअरिंगच्या घरात साचते आणि कडीला ओलांडून एका बाजूस सायलेन्सरकडे, दुसऱ्या बाजूस हवेच्या पाइपात उतरते. निळा धूर तो हाच. दांडा, चक्रे, कडी सारे शाबूत असतानाही तो निघू शकतो.

चेंबरवरील जागा निवडताना पहिली अट अशी, की पाइपाचे तोंड ऑइलच्या सर्वोच्च पातळीच्या वर उघडले पाहिजे. ही पातळी इंजिन बंद असताना, सारे ऑइल खाली उतरल्यावर धरावी. तोंड ऑइलात बुडाले तर फेसाळ ऑइलाला वरच्या साठ्याला ढकलत आत शिरावे लागते. ट्रॅक्टरच्या बाबतीत सपाट जमिनीवरचे मोजमाप पुरेसे नाही. चेंबर 60 सेंटिमीटर लांब असेल आणि ट्रॅक्टर 10 अंशांच्या चढावर असेल, तर खालच्या टोकाशी ऑइल मधल्या पातळीपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर वर येते. बांधावर एका अंगाला कललेल्या ट्रॅक्टरचेही तसेच. ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरण्याची सवय या हिशेबात भरच घालते.

केवळ उंची साधून भागत नाही. क्रँकशाफ्टच्या फेकीसमोर तोंड आले, तर उडणारे ऑइल व वारा थेट पाइपात घुसतो. म्हणून तोंड त्या फेकीपासून बाजूला किंवा आडोशाला असावे. तसेच पंपाच्या जाळीजवळ फेसाळ ऑइल पडू नये, एरवी पंप ऑइलाबरोबर हवाही ओढतो. पाइप शक्य तितका सरळ खाली, उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या आत उतरावा. मध्ये झोळ पडला, की तेथे ऑइल साचलेच. टर्बो चेंबरच्या पातळीपाशी किंवा खालीच बसवावा लागला, तर ऑइल उपसण्यासाठी वेगळा पंप द्यावा लागतो. पाइपाच्या वळणांनी ती अडचण सुटत नाही.

प्रत्यक्ष जोडणीत ट्रॅक्टरची आणखी एक अडचण आहे. मोटारीचे चेंबर बहुधा पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे असते. अनेक ट्रॅक्टरांचे मात्र ओतीव लोखंडाचे असून ते सांगाड्याचा भार वाहते. त्याला मनाने भोक पाडणे वा वेल्डिंग करणे धोक्याचे. तेथे उत्पादकाने इंजिनाच्या ब्लॉकच्या अंगाला ठेवलेली परतीची जागाच वापरावी. पत्र्याच्या चेंबरला सॉकेट वेल्ड करायचे तर ते उतरवून, ऑइलचा अंशही न ठेवता धुऊन मगच ठिणगी पाडावी. जागेवर, इंजिनाखाली झोपून भोक पाडले तर लोखंडाचा कीस आतच राहतो. वेल्डिंगनंतर आत रॉकेल ओतून गळती तपासता येते. मुळात टर्बो नसलेल्या गाडीला तो बसवणे हा निराळाच विषय. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मधील बदलांसंबंधीच्या अटी त्याआधी पाहाव्यात.

धूर निघणाऱ्या ट्रॅक्टरचा टर्बो बदलण्यापूर्वी दांड्याची ढिलाई मोजावी. ती मर्यादेत असूनही दोन्ही बाजूंना ऑइल दिसत असेल, तर परतीचा पाइप सोडून आतून पाहावा. जळलेल्या ऑइलची काजळी, उष्णतेने आतून फुगलेला रबरी होज किंवा पॅकिंगऐवजी सढळ हाताने लावलेले आणि भोकात उतरलेले सिलिकॉन, ही नेहमीची कारणे. मग ब्रीदर तपासावा. तो चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की चेंबरमधील वायूचा दाब वाढतो आणि उत्तम जागी जोडलेल्या पाइपातूनही ऑइल उतरेनासे होते. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून येणारी नळीच चेपून ऑइल कमी केले जाते. धूर त्याने थांबतोही, परंतु ऑइलच्या थरावर तरंगणाऱ्या दांड्याखालचा तो थरच विरतो आणि मग टर्बो खरोखरच जातो.