गाडीची धुलाई आणि रंगाचे संरक्षण
मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थर, म्हणजेच क्लिअर कोट, साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. धूळ बसलेली गाडी रोज कोरड्या फडक्याने पुसल्यास धूलिकण याच थरावर घासले जातात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. ते घालविण्यासाठी पॉलिश करावे, तर थर आणखी झिजतो. त्यामुळे प्रथम पाण्याच्या धारेने धूळ काढावी. नंतर गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, कार शाम्पू व मायक्रोफायबर कापडाने टपापासून खाली धुवावी. कापड विसळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी. मेणाचे संरक्षण काही आठवडे ते काही महिने टिकते, सिरॅमिक कोटिंगचे काही वर्षे. मात्र, खडीचा मार वा कोरड्या फडक्याचे ओरखडे कोटिंगही पूर्णपणे रोखू शकत नाही.