चार ओळींचे वाटणीपत्र

वाटणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शेताचा बांध उभा राहतो. भाऊ वेगळे होतात, मोजणीदार साखळी घेऊन येतो, हद्दीचे दगड पुरले जातात. आणि पुढे एखादा दगड हलला की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मी आज सांगणार आहे ती वाटणी मात्र संगणकाच्या तबकडीवरची. मराठी शिकवणाऱ्या मास्तराला तिचा इतिहास चाळण्याची पाळी का यावी, हे आधी सांगायला हवे.

आमच्या संस्थेच्या कचेरीत एक जुनाट सर्व्हर होता. मुलांची जनरल रजिस्टरे त्याच्याच पोटात. २०१९ च्या मे महिन्यात तो घरघरू लागला, तेव्हा आमचाच एक माजी विद्यार्थी धावून आला. त्याने तबकडी जशीच्या तशी उतरवून घेऊन तिचा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ केला. म्हणजे नव्या यंत्राच्या आत चालणारे, लोखंडाचे अंग नसलेले जुने यंत्र. “देह नवा, आत्मा तोच, सर,” तो म्हणाला. रात्री जुने यंत्र बंद केले, ते पुन्हा काही उठले नाही. सकाळी नवा आत्मा जागा केला, तर पडद्यावर एक ओळ: ‘हॅल डॉट डीएलएल’ नावाची फाइल गहाळ आहे किंवा बिघडली आहे. जपून ठेवलेली प्रत चार महिन्यांपूर्वीची. बाहेर बाकावर एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी बसून होत्या. दाखल्याची नोंद फेब्रुवारीतली, म्हणजे त्या प्रतीत नसलेली.

आता थोडे मागे जाऊ. १९८३ च्या मार्चमध्ये आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटांची पक्की तबकडी होती. आज एवढ्या जागेत मोबाइलवरचे दोन-चार फोटो जेमतेम मावतील; त्या काळी मात्र ती एकाच मालकाला जास्त वाटली. एकाच तबकडीवर दोन निरनिराळ्या कार्यप्रणाल्या नांदवायच्या, तर वाटणी हवीच. तबकडीवरचा सर्वांत लहान तुकडा, म्हणजे सेक्टर, ५१२ बाइटांचा. पहिल्याच सेक्टरात यंत्र उठवण्याच्या सूचना लिहिल्या आणि शेवटी उरलेल्या जागेत वाटणीपत्र बसवले. प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी, एकूण ६४ बाइट. त्यामागे सहीशिक्क्याचे दोन बाइट. चार भाऊ, पाचव्याला जागा नाही! एवढ्याशा चिठोऱ्यावर पुढे कित्येक वर्षे जगभरच्या घरगुती संगणकांचा संसार चालला.

हद्द सांगण्याची रीत मोजणीदाराचीच होती. सिलिंडर कितवा, वाचणारा हेड कितवा, त्या वर्तुळातला सेक्टर कितवा. एक्सटीच्या तबकडीला ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि दर वर्तुळात १७ सेक्टर होते. वाटणीपत्राच्या वर्तुळात दुसऱ्या कोणाला वस्ती करू द्यायची नाही, असा प्रघात पडला. देवळाभोवतीची जागा मोकळी ठेवावी तसा. पुढे तबकड्या फुगल्या. या लेखनपद्धतीत एका वर्तुळाला जास्तीत जास्त ६३ सेक्टर सांगता येत, म्हणून त्या तेवढेच सांगू लागल्या. प्रत्यक्षात बाहेरच्या वर्तुळात सेक्टर जास्त, आतल्यात कमी; पण सातबाऱ्यावर ६३. म्हणून पहिली वाटणी ६३ व्या सेक्टरापासून सुरू व्हायची. खरे तर लबाडीच ती, पण सर्वांनी मान्य केलेली, आणि म्हणून सोयीची.

भासमान तबकडीची कल्पना याहून जुनी आहे, याचे मला नवल वाटले. १९७२ साली आयबीएमने आपल्या अजस्र यंत्रांसाठी ‘व्हीएम ३७०’ ही प्रणाली जाहीर केली. तीत एकाच मोठ्या तबकडीचे तुकडे करून प्रत्येकाला ‘मिनिडिस्क’ मिळे. तुकडा मूळच्या तबकडीत कुठेही असो, घेणाऱ्याला आपला पहिला सिलिंडर शून्यच दिसे. चाळीतल्या बिऱ्हाडकरूला आपलीच खोली म्हणजे अख्खा वाडा वाटावी, तशी गंमत.

आमच्या सर्व्हरचे दुखणे मात्र वाटणीच्या क्रमांकात होते. यंत्र बनवणाऱ्याने दुरुस्तीची हत्यारे ठेवायला तबकडीच्या आरंभी एक चिमुकली वाटणी राखली होती. आमच्या विद्यार्थ्याने ती निरुपयोगी म्हणून उतरवलीच नाही. नव्या अंगात ती हत्यारे चालणार तरी कशी, हा त्याचा विचार काही चुकीचा नव्हता. पण त्या काळच्या विंडोजमध्ये ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची एक साधी चिठ्ठी असे. तिच्यात लिहिलेले: पहिली तबकडी, दुसरी वाटणी. (तीतही तबकडी शून्यापासून मोजायची आणि वाटणी एकापासून, हा एक खास विक्षिप्तपणा.) धाकटी गेल्यावर दुसरी आपोआप पहिली झाली; चिठ्ठी मात्र दोन नंबरचेच दार ठोठावत राहिली. तिथे कोणीच नाही, तेव्हा फाइल गहाळ!

मुलाने तासभर डोके धरले होते. मग एकाएकी म्हणाला, “सर, फाइल जागेवर आहे. पत्ता चुकलाय.” त्याने ती भासमान तबकडी दुसऱ्या चालत्या यंत्राला जोडली, चिठ्ठी उघडली आणि दोनाच्या जागी एक लिहिला. एकच आकडा. त्या बाईंना साडेबारा वाजता दाखला मिळाला. त्यांना यातले काही सांगितले नाही. उशीर झाला म्हणून कारकुनांनी चहा तेवढा दिला.

तरी यंत्र रखडतच चाले. त्याचे कारणही त्या ६३ मध्येच निघाले. नव्या साठवणुकीत माहिती ४०९६ बाइटांच्या, म्हणजे आठ-आठ सेक्टरांच्या घासांनी उचलली जात होती, आणि ६३ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे जुना प्रत्येक घास नव्या दोन घासांवर आडवा पडे आणि एका कामाला दोन खेपा होत. विंडोजच्या ‘व्हिस्टा’ पिढीपासून, म्हणजे २००७ पासून, पहिली वाटणी २०४८ व्या सेक्टरापासून मांडू लागले, तेव्हा ही खोड मोडली. आमची तबकडी त्याआधीची. वर्तुळ नाही, हेड नाही, लोखंडाचा कण नाही. पण नक्कल करताना हद्दीचा दगड तेवढा प्रामाणिकपणे जुन्याच जागी आणून पुरलेला.

दिवाळीच्या सुटीत त्याने एका रात्री सारी वाटणी उचलून २०४८ वर नेली. त्या रात्री मी कचेरीतच झोपलो.